मदत हवी आहे: थंडीच नाही, तर सफरचंद झोपतं की नुसतंच दमतं?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीजवळ कातळावर आमची हापूसची बाग आहे. चार वर्षांपूर्वी हौसेनं एचआरएमएन-99 सफरचंदाची दोन कलमं लावली. ‘आंबा सोडून ही भलती थेरं कशाला’, हे आई अजून ऐकवते. जानेवारी सरत आला तरी निम्मी जुनी पानं झाडावरच. शेंड्याचे दोन-चार डोळे (फांदीवरच्या कळ्या) फुटलेत, खालचे सगळे ठप्प.

हिमाचलातल्या रॉयल डिलिशस सफरचंदाला हिवाळी झोप पुरी होऊन डोळे फुटायला 7 अंशांखाली हजारेक तास थंडी लागते, या जातीला फारच कमी, एवढं ठाऊक आहे. पण आमच्याकडे पहाटे 15 झाले तरी कानटोप्या निघतात, 7 कुठून आणू!

अडलंय ते पुढे. पानं गळाली की झाड खोडा-मुळांतल्या अन्नसाठ्यावर जगतं. तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसन साधारण दुप्पट होतं. म्हणजे तिकडे 4 अंशांत जेवढं जळतं, त्याच्या चौपट इकडे 24 अंशांत. मग डोळे अडलेत ते साठा संपल्यामुळे, की थंडीची खूण न मिळाल्यामुळे? वाडीतले एक काका म्हणतात, बुंध्याशी बर्फ टाक. टाकू?

प्रतिसाद 1
बर्फ कोकम सरबतात टाका. मुळं थंडी मोजत नाहीत, प्रत्येक डोळा आपापली मोजतो. निम्मी पानं हिरवी असताना उपासमार कसली? अडथळा डोळ्यातच आहे. नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड या रसायनाचं पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांवर लावतात. त्यानं पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज हे विकर थोपतं, पेरॉक्साइड साठतं, श्वसन वेगळ्या वाटेनं वळतं आणि डोळा जागा होतो. साठा तोच, तरी फुटतो. पण ते विषारी आहे, दोन झाडांसाठी नादी लागू नका.

प्रतिसाद 2
इंडोनेशियात मलंगच्या बाजूला काढणी झाली की सफरचंदाची पानं हातानं ओरबाडतात. झाडाला गाढ झोपूच देत नाहीत, वर्षाला दोन पिकं घेतात. आपल्याकडे डाळिंबाचा बहार धरताना पानगळ करतात, त्यातलाच प्रकार. फांद्या आडव्या बांधल्या तर खालचे डोळेही फुटतात.

धागाकर्ता
आभार! एका झाडाची पानं आज काढली, फांद्या सुंभानं वाकवल्या. दुसरं तुलनेला तसंच ठेवलंय. आईनं अजून पाहिलं नाहीये.