मदत हवी आहे : यंत्रात बसवण्यासाठी मोकळ्या परवान्याची स्क्रिप्टिंग भाषा

वजनकाटा : आमच्या पॅकिंग यंत्राचे फर्मवेअर (यंत्राच्या आत बसवलेला प्रोग्रॅम) सी भाषेत आहे. पाकिटाचे वजन बदलले की सूत्र बदलते आणि दर वेळी नवे फर्मवेअर घेऊन आमचा माणूस जातो, म्हणून ग्राहकालाच सूत्र लिहिता येईल अशी छोटी भाषा आत बसवायची आहे. वकिलांनी जीपीएल व एलजीपीएल (कोड वाटताना स्रोत खुला करण्याच्या अटी घालणारे परवाने) नाकारल्यामुळे एलजीपीएलखालची गाइल ही भाषा बाद झाली. शुक्रवारपर्यंत निर्णय द्यायचा आहे, कृपया लवकर सुचवा.

रात्रपाळी : मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या यंत्रांसाठीचे पायथन, घ्या. परवाना एमआयटी आहे (कॉपीराइटची सूचना सोबत दिली की पुरते) आणि पायथन डिप्लोमाच्या मुलांनाही येते.

जुना_सीवाला : रॅम किती, सूत्रे लिहिणार कोण, हे कळल्याशिवाय काय सुचवणार?

वजनकाटा : प्रोसेसर कॉर्टेक्स-एम४, रॅम १२८ केबी, त्यातली निम्मी आमचीच. सूत्रे पाळीप्रमुख लिहितील.

जुना_सीवाला : मग लुआ ही भाषा घ्या. ५.० आवृत्तीपासून तिचा परवाना एमआयटी आहे, आणि ती मुळातच सी प्रोग्रॅममधून बोलावण्यासाठी घडवलेली आहे. एम४ मध्ये दुहेरी अचूकतेचे (६४ बिटांचे) गणित हार्डवेअरमध्ये होत नाही, त्यामुळे ५.३ किंवा पुढची आवृत्ती घेऊन लुआकॉन्फ या सेटिंगच्या फाइलमधला ३२ बिटांचा पर्याय चालू करा. फाइली व कार्यप्रणालीला हात घालणाऱ्या आयओ व ओएस लायब्ररी उघडू नका. ठरावीक सूचनांनंतर चालणारा हुक (सूत्र मध्येच थांबवू शकणारे फंक्शन) लावा, नाहीतर एक चुकलेला लूप भरल्या हॉपरसह (माल ओतायच्या टोपल्यासह) यंत्र अडकवून ठेवेल.

रात्रपाळी : मायक्रोपायथन १६ केबी रॅममध्येही चालते. शिवाय लुआत यादी १ पासून मोजतात, हे मला पटत नाही.

जुना_सीवाला : पाळीप्रमुखही पहिल्या हॉपरला १ नंबरच म्हणतात.

खुला_स्रोत : माझे स्पष्ट मत आहे की आपण फर्मवेअरच जीपीएलखाली खुले करावे.

वजनकाटा : तो निर्णय माझ्या हातात नाही. चाचणीसाठी लिनक्सवरचा लुआ इंटरप्रिटरही (सूत्रे चालवून पाहण्याचा प्रोग्रॅम) ग्राहकाला देणार आहोत, तो चालेल ना?

जुना_सीवाला : तिथे जपा. ५.३ पर्यंत लिनक्ससाठीच्या नेहमीच्या बिल्डमध्ये तो इंटरप्रिटर रीडलाइनला (टाइप केलेली ओळ दुरुस्त करू देणाऱ्या लायब्ररीला) जोडला जातो आणि रीडलाइन जीपीएल आहे. यंत्रात जाणाऱ्या लायब्ररीचा त्याच्याशी संबंध नाही. ५.४ मध्ये रीडलाइन वेगळी मागितली तरच जोडली जाते.

वजनकाटा : हे वकिलांच्या नजरेतून सुटले नसते. आता ५.४ च घेतो. एमआयटीची सूचना कुठे द्यायची? यंत्राला दोन ओळींचाच डिस्प्ले आहे.

जुना_सीवाला : यंत्रासोबतच्या पुस्तिकेत कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा पूर्ण मजकूर छापा.