देवाच्या नावे दावा चालतो, मग देवरहाटीच्या, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या नावे का नको?

नदीला, रहाटीला कायद्याने व्यक्ती माना म्हटलं की कोणीतरी विचारतं, नदी काय कोर्टात उभी राहणार? अहो, देव उभा राहतोच की. आपल्या कायद्यात मूर्ती ही व्यक्ती मानतात, तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीने दावा लावता येतो. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला असाच दर्जा देऊन दोन पालक नेमले, एक सरकारचा, एक माओरींचा.

आमच्याकडे देवरहाटीतलं झाड तोडायचं तर आधी कौल लावतात, म्हणजे देवाची परवानगी मागतात. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरव गाऱ्हाणं घालणार, उजवीकडची पाकळी पडेपर्यंत कुऱ्हाड उचलायची नाही. तरीही देवळाला स्लॅब घालायचा म्हणून जुने वृक्ष गेलेले मी पाहिलेत, आणि तेही कौल मिळाल्यावर. नुसत्या श्रद्धेवर रहाटी टिकणार नाही, कायदा हवाच.

फक्त पालक नीट निवडा. उत्तराखंड उच्च न्यायालयाने त्याच वर्षी गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं, पण पालक सरकारी अधिकारी. पुराची भरपाई कोण देणार म्हणत राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि स्थगिती मिळाली. इथे गुरव हवेत, आणि रहाटीतल्या झऱ्यावर ज्यांची एप्रिल-मेमधली घागर भरते त्या वाडीतल्या बायाही हव्यात.