घरी केलेले लाकडी बाकडे: आपले अनुभव लिहावेत

ओट्यावर ठेवण्यासाठी चार फुटी बाकडे मी स्वतःच्या हाताने केले. खरे सांगायचे तर दोनदा केले. ज्यांनी घरी असे काही घडवले असेल त्यांनी आपला अनुभव, विशेषतः जे फसले ते, अवश्य लिहावे. सुरुवात माझ्यापासून करतो.

गेल्या ऑगस्टमध्ये वखारीतून कडुलिंबाची दीड इंची फळी आणली, कारण त्याला कीड सहसा लागत नाही आणि सागाच्या मानाने ते पुष्कळ स्वस्त पडते. आठवड्याभरात रंधा मारून ती खालच्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने घट्ट आवळली. एप्रिलमध्ये पारा 42 अंशांवर गेला आणि एका दुपारी फटाका फुटावा तसा आवाज होऊन फळी टोकापासून वीतभर चिरली. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत मात्र आकसते, आणि मी तर त्याला दोन्ही कडांना जखडून ठेवले होते. दुसरी फळी सावलीत, खाली काठ्या घालून हवा खेळेल अशी ठेवून चार महिने वाळवली. पट्टीतील कडेची छिद्रेही गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट केली, म्हणजे लाकूड हलले तरी स्क्रूला सरकायला जागा राहते.
– जुळे सोलापूर

आमचे बाकडे आजोबांच्या हातमागाचे आहे. सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही खड्डा माग, म्हणजे विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो तो माग, होता. तो बंद पडल्यावर खड्डा बुजवून वर फरशी घातली आणि सागवानी खांब व तुळया माळ्यावर गेल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे आजोबांच्या तोंडची भागांची नावे सुताराला सांगून काही उपयोग नव्हता. हातात धरूनच दाखवावे लागले. दोन तुळया त्याच्याकडून उभ्या चिरून घेतल्या, बाकीचे काम मी केले. चिरण्याआधी चुंबक फिरवायला हवे होते, ते सुचले नाही, आणि आत मोडून राहिलेल्या एका जुन्या खिळ्याने त्याच्या करवतीचे दात गेले. नव्या पात्याचे पैसे अर्थातच मी दिले.

पायांना खिळा नाही. आडव्या लाकडाच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत शिरणारी जीभ, काढून तो पायाच्या खाचेत आरपार बसवला आहे. पहिला कुसू पटाशीने अंमळ जास्तच तासला गेला आणि ढिला पडला. तेव्हा त्याच्या टोकाला करवतीने चीर देऊन तीत पाचर ठोकली. पाचर पायाच्या लाकडाच्या रेषांना आडवी जाईल अशीच बसवावी, नाही तर पायच उभा फाटतो. विणलेले कापड ज्या तुळईवर गुंडाळले जाई, ती मी बसायच्या फळीच्या पुढच्या कडेखाली बसवली आहे. तिचा मधला हातभर भाग इतका गुळगुळीत झालेला आहे की तेथे काचकागद लावायचे धैर्य मला झाले नाही. मागाच्या खुंट्यांची जुनी भोकेही वडिलांनी बुजवू दिली नाहीत. आईचे म्हणणे मात्र असे की एवढ्या खटाटोपात चार खुर्च्या आल्या असत्या.
– अशोक चौक

बसण्याची उंची ठरवताना घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाला आधी बसवून पाहावे. मी अठरा इंच धरली आणि आईचे पाय लोंबकळू लागले. मग एकेक पाय अंदाजाने कापत गेलो, दर वेळी वेगळाच पाय डुगडुगे, आणि बाकडे पंधरा इंचांवर आले! आमची शहाबादी फरशीच एकसारखी नाही, हे नंतर लक्षात आले. सपाट जागी बाकडे ठेवून, आखूड पायांखाली पाचरी सरकवून वरची फळी पातळीत आणावी, एकाच जाडीच्या ठोकळ्यावर पेन्सिल टेकवून चारही पायांभोवती रेघ मारावी आणि मगच करवत लावावी.
– होटगी रस्ता

पॉलिशऐवजी मी कच्चे जवसाचे तेल लावले आणि तेही सढळ हाताने. तीन आठवडे ते चिकटच राहिले. वर टाकलेल्या चादरीवर पिवळा डाग पडला तो अजून गेलेला नाही. तेल अगदी पातळ लावावे, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे आणि दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यावा. याहून महत्त्वाचे म्हणजे त्या फडक्यांचा बोळा करून ठेवू नये. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते आणि तापते. बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावताही तो पेटू शकतो. मी गच्चीवर पत्र्याच्या डब्यात टाकलेला बोळा तासा-दीड तासाने हात लावता येईना इतका तापला होता आणि धुरकट वास सुटला होता. तेव्हापासून फडकी पाण्यात भिजवून, उलगडून, उघड्यावर वाळत घालतो.
– बाळीवेस

तेलाबद्दल विशेष आभार. माझी फडकी जिन्याखाली तशीच पडलेली होती. आत्ताच जाऊन बादलीत बुडवून आलो.
– जुळे सोलापूर