मुलाची करटं थांबेनात, तालमीत कसं सांगू?

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही बेळगावजवळच्या एका गावात राहतो. थोरला १५ वर्षांचा, यंदा दहावी, दोन वर्षं गावच्या तालमीत जातो. धाकटी ६ वर्षांची. जूनपासून थोरल्याला मांडीवर, काखेत, मानेवर करटं येतायत. एक बसतं तोवर दुसरं. सासूबाई म्हणाल्या, आंबे फार झाले, उष्णता आहे. आंबे संपून दीड महिना झाला की हो!

पहिल्या करटाला मीच घोळ घातला. चिठ्ठी नसताना मेडिकलमधून ट्यूब आणली, 'सगळ्यावर चालते' म्हणून दिलेली. चार दिवस लाली उतरल्यासारखी वाटली, मग दुप्पट. डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचली, म्हणाले यात स्टेरॉइड आहे. पुढचं करट पठ्ठ्यानं नखानं फोडलं, शेजारी तीन उगवली. शेवटी चीर देऊन पू तपासायला पाठवला. स्टॅफिलोकोकस ऑरियस (स्टॅफ) नावाचा जंतू निघाला. ७ दिवसांच्या गोळ्या पुऱ्या केल्या, बरं वाटलं, महिन्यात परत तेच.

आता धाकटीच्या नाकाखाली फोड. फुटून पिवळसर, पाक वाळल्यासारखी खपली धरलीय. डॉक्टर म्हणाले इम्पेटिगो, म्हणजे जंतूंमुळे होणारा त्वचेचा संसर्ग, मुलांत सर्रास होतो, औषध सुरू झाल्यावर २४ तास शाळेत पाठवू नका. आणि मग विचारलं, घरात टॉवेल किती? माणसं पाच, टॉवेल दोन. मान खाली घातली.

आता प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, कोपऱ्याला रंगीत दोरा. कपडे गरम पाण्यात. या पावसात वाळत नाहीत म्हणून रात्री इस्त्री फिरवते. नखं दर रविवारी. जखम झाकलेली.

पण तालीम? खुंटीवर लंगोट एकावर एक, एकाच पंच्यानं पाच पोरं अंग पुसतात, मातीच्या अंगानंच घरी येतात. वस्ताद देवमाणूस. त्यांचं म्हणणं, तांबड्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल पडतं, त्या मातीनं जखमा भरतात. हे म्हणतात, बायकांनी तालमीत जाऊन काय सांगायचं. आणि मुलगा म्हणतो, तू बोललीस तर मला कुणी जोडीला घेणार नाही. करटावर पट्टी चिकटवून लपवून खेळतो.

कसं सांगू? कुणाच्या घरी असं झालंय का?

निपाणीचा_जुना_गडी: ताई, मातीला नाव ठेवू नका, तिथंच बोलणं संपेल. अंगाला अंग घासतं, त्यातून लागतं म्हणा. अमेरिकेतल्या कॉलेजच्या कुस्तीत याचा नियमच आहे: औषधाचे ७२ तास पुरे, ४८ तासांत नवा फोड नाही, पू गळत नाही, तरच मॅटवर. नुसतं झाकून चालत नाही, घामानं पट्टी सुटतेच. तोवर पोराला जोर-बैठका, धावणं करू द्या, पण एकट्यानं. आणि रोज लंगोट धुणं ही आपलीच जुनी शिस्त आहे, बोलणं तिथून सुरू करा. आम्ही खेळून झालं की थेट विहिरीवर जायचो.

सिस्टर_चिकोडी: धाकटीकडं लक्ष ठेवा. फोड बरे झाल्यावरही दोन-तीन आठवड्यांनी लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा सकाळी चेहरा सुजला तर लगेच दाखवा. स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जंतूनं झालेल्या फोडांनंतर कधी कधी किडनीला सूज येते. थोरल्याला ताप आला, लाली पसरली किंवा डोळ्याजवळ करट आलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

स्टॅफ साधारण तिघांतल्या एकाच्या नाकात मुकाट बसलेला असतो. सारखं परत येत असेल तर डॉक्टर नाकात लावायला मुपिरोसिन हे जंतुनाशक मलम देतात, पण स्वतः आणू नका, ट्यूबचा अनुभव आहेच तुम्हाला! रात्री घरात सगळेच खाजवतात का, तेही बघा. बोटांच्या बेचक्यात पुरळ असेल तर मूळ खरूज असेल, मग अख्ख्या घराला एकाच दिवशी औषध लागतं.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. बेचक्यात काही नाही, लघवी रोज बघतेय. काल हे वस्तादांशी बोलून आले. लंगोटाचं लगेच पटलं, "पोरं आळशी झाल्यात" म्हणाले. पंच्याचं हसण्यावारी नेलं. थोरल्याला आठवडाभर जोड नाही, तोंड पाडून बसलाय, तरी धावायला जातो. त्याच्या पिशवीत साबणाची नवी वडी घातली होती. दोन दिवसांत पाऊण झिजून आली. म्हणजे बाकीची पोरंही धुतायत वाटतं. सिस्टर, सगळ्यांत एकच वडी चालते का, की बाटलीतला साबण देऊ?