विषय: मंडळाचा राखेचा व्हॅक्यूम सध्या कोणाकडे आहे?

कीनहून (न्यू हॅम्पशायर, अमेरिका)

सप्रेम नमस्कार.

मंडळाचा राखेचा व्हॅक्यूम सध्या कोणाकडे आहे, हे कृपया कळवावे. आमचा पेलेट स्टोव्ह (दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेट्सवर, चालणारी शेगडी) पेटतो, थोडा वेळ नीट चालतो, आणि मग हॉपर (पेलेट्स साठवण्याची टाकी) भरलेला असतानाही पेलेट्स पडायचे थांबून आपोआप विझतो. काच दुपारपर्यंत काळीकुट्ट होते आणि ज्योत एरवीसारखी आखूड, चपळ न राहता लांब, नारिंगी व सुस्त दिसते. शुक्रवारी पुन्हा कडाका आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे होईल.

नाशुआहून

व्हॅक्यूम माझ्याकडे आहे, आणि तो माझ्याकडेच का ठेवला आहे हेही एकदा सर्वांना कळलेले बरे. विसर्जनानंतर हॉलमधला गुलाल कोणीतरी त्याच व्हॅक्यूमने ओढला. फिल्टरच्या प्रत्येक घडीत गुलाबी थर बसला आणि नवा फिल्टर सामान समितीला घ्यावा लागला. तेव्हा नेणाऱ्याने वहीत नाव लिहावे आणि परत करताना डबा रिकामा असावा. घाई झाली म्हणून घरातला साधा व्हॅक्यूम मात्र कृपया वापरू नये, कारण बारीक राख त्याच्या पिशवीतून आरपार जाऊन खोलीभर उडते, आणि राखेत दडलेला एखादा निखारा पिशवी पेटवू शकतो.

मँचेस्टरहून

वहीचा मुद्दा मान्य आहे, परंतु गुलाल आमच्या चमूने ओढला नव्हता, हे मी तेव्हाही सांगितले होते. मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर दोष मला गोण्यांचाच वाटतो. वहिनी, गोणीच्या तळाशी भुसा किती उरतो ते पाहावे. ओल लागलेले पेलेट्स फुगून फुटतात आणि ऑगरमध्ये (पेलेट्स पुढे ढकलणाऱ्या फिरत्या स्क्रूत) अडकतात. प्रीमियम दर्जाच्या पेलेट्समध्ये राख 1 टक्क्याच्या आत असावी लागते, आणि पाइनसारख्या मऊ लाकडाने धुराडे चिकट होते म्हणून आम्ही कायम ओकचेच घेतो.

ब्रॅटलबरोहून

पाइनबद्दलची ही समजूत सरपणाच्या ओल्या ओंडक्यांवरून आली आहे. पेलेट्स करण्यापूर्वी भुसा वाळवलेला असतो, आणि मऊ लाकडाच्या पेलेट्सची राख पुष्कळदा कमीच पडते. शिवाय 40 पौंडांच्या 50 गोण्या म्हणजे एक टन, आणि त्यात 1 टक्का राख धरली तरी 20 पौंड होते. ती सगळी काही खालच्या राखेच्या पेटीत पडत नाही.

वहिनींचा स्टोव्ह हवेवाचून विझतो आहे. धूर ओढणाऱ्या पंख्याची ओढ कमी पडली की आतला दाबाचा छोटा स्विच ऑगरची वीज तोडतो आणि पेलेट्स पडणे थांबते. तो स्विच बदलण्याच्या भानगडीत आधी पडू नये. स्टोव्ह पूर्ण गार झाल्यावर प्लग काढावा, बर्न पॉट (पेलेट्स जळतात ते भांडे) उपसून त्याची भोके खिळ्याने मोकळी करावीत आणि तळाला चिकटलेला राखेचा काचेसारखा खडा खरवडून काढावा. त्यानंतर मागचे विटांचे पॅनल उतरवावे, कारण खरा साठा तिथे असतो: त्यामागच्या भिंतीवर रबरी हातोडीने हलके ठोकले की आतल्या आत करडी राख वाळूसारखी सळसळत खाली येते. बाहेरच्या नळीच्या टी-जोडाचे झाकण उघडून तोही साफ करावा. शेवटी स्टोव्हच्या दारात एक डॉलरची नोट धरून दार लावावे. ती सहज निसटली तर गॅस्केट (दाराच्या कडेची हवाबंद पट्टी) गेले असे समजावे.

कॉन्कॉर्डहून

हवा खेळण्याबद्दलचे वरील विवेचन वाचून आमच्या आजोळची भुश्याची शेगडी आठवली. मधोमध बाटली उभी करून सभोवती वखारीतला भुसा ठोकून भरत आणि मग बाटली अलगद उपसत. त्या पोकळीतून आपसूक ओढ मिळे आणि वीज गेली तरी तिचे काही अडत नसे. तुमच्या या यंत्राला पंखा लागतो, ऑगर लागतो, पेटवायलाही वीज लागते, त्यामुळे बर्फाच्या वादळात ते नेमके गरजेच्या रात्री गार पडते. वीज अचानक गेल्यास नळीतला धूर घरात येऊ शकतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालणारा हवा. काचेसाठी बाजारातला फवारा घेऊ नये. ओलसर वर्तमानपत्राचा बोळा राखेत बुडवून घासावा.

नाशुआहून

काका, बोळा मऊ राखेचाच हवा, त्यात खडा आला तर काचेवर ओरखडे पडतात. उरलेली राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून दूर, जमिनीवर ठेवावी, लाकडी डेकवर नव्हे. ब्लूबेरीच्या झुडपांना ती घालू नये, त्यांना आम्लधर्मी माती लागते.

वहिनी, व्हॅक्यूम शनिवारी मराठी शाळेत आणतो. वही गाडीतच असेल.