मदत हवी आहे : काँग्रेसमन जॉन मर्सर लँग्स्टन यांच्या निवडणूक तक्रारीची मूळ कागदपत्रं

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी जॉन मर्सर लँग्स्टन या अमेरिकी संसदेतल्या (म्हणजे तिथल्या काँग्रेसमधल्या) कृष्णवर्णीय सदस्यावर लेख लिहिते आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. त्या मुक्त झालेल्यांच्या मतांचं पुढे काय झालं, हे शोधताना लँग्स्टन सापडले आणि मग दुसरं काही सुचेना.

जन्म १८२९, व्हर्जिनिया. वडील गोरे मळेवाले, आई त्यांनीच गुलामीतून सोडवलेली. चौथ्या वर्षीच पोरके झाले. ओबर्लिन कॉलेजात शिकले, पण रंगामुळे लॉ स्कूलची दारं बंद, म्हणून एका वकिलाच्या हाताखाली शिकून १८५४ साली ओहायोत सनद मिळवली. पुढे हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा विभागाचे पहिले डीन झाले, हैतीत अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी होते.

माझं घोडं अडलंय ते संसदेच्या प्रतिनिधीगृहासाठी झालेल्या १८८८ च्या निवडणुकीपाशी. स्वतःच्याच रिपब्लिकन पक्षाचे व्हर्जिनियातले सर्वेसर्वा विल्यम महोन विरोधात गेले, तरी लँग्स्टन लढले. व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्ग शहरात काळ्या आणि गोऱ्या मतदारांच्या रांगा वेगळ्या होत्या, आणि काळ्यांची रांग मुद्दाम रखडवली गेली. निकालात डेमोक्रॅट एडवर्ड व्हेनेबल ६४१ मतांनी पुढे. लँग्स्टननी थेट प्रतिनिधीगृहाकडे दाद मागितली.

आता तारखा बघा. मुदत सुरू झाली ४ मार्च १८८९ ला. लँग्स्टनना जागा मिळाली २३ सप्टेंबर १८९० ला, तीही गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅट सदस्य सभागृहाबाहेर पडलेले असताना. नोव्हेंबरमध्ये लगेच पुढची निवडणूक, तीत हार. ३ मार्च १८९१ ला मुदत संपली. त्यानंतर व्हर्जिनियातून कृष्णवर्णीय सदस्य निवडून यायला १९९२ साल उजाडलं!

'एकाच मुदतीचे सदस्य, काम फारसं नाही' असं म्हणून त्यांना निकालात काढणं मला अजिबात पटत नाही. मुदतीचा तीनचतुर्थांश काळ ज्यांनी खाल्ला, त्याचा हिशेब लँग्स्टनच्या नावावर का मांडायचा? रांगेत ताटकळलेल्या माणसांच्या साक्षी गोळा करून त्या टिकवल्या, हेच मला त्यांचं मोठं काम वाटतं.

म्हणून जाणकारांना विचारते :

या तक्रारीत नोंदवलेल्या मतदारांच्या साक्षी मुळातून कुठे वाचायला मिळतील? स्कॅन केलेल्या असतील तर उत्तम. अमेरिकेतल्या कुणाला तिथल्या लायब्ररीत विचारणं जमेल का? नक्कलप्रतींचा खर्च मी देईन.

दुसरं, १८९१ च्या जानेवारीत त्यांनी एक घटनादुरुस्ती सुचवली होती : राष्ट्रीय निवडणुकीत मतदाराला लिहितावाचता येण्याची अट, आणि प्रतिनिधीगृहातल्या राज्याच्या जागा पात्र मतदारांच्या प्रमाणात. ज्यांची मतं डावलली गेली त्यांच्याच नेत्याने साक्षरतेची अट मागावी, हे मला नीट उलगडत नाहीये. अमेरिकन घटनेचा अभ्यास असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. इथेच लिहिलंत तर सगळ्यांनाच वाचता येईल, नाहीतर व्यक्तिगत निरोप केलात तरी चालेल.