कॅथेटर धमनीत गेलं, तर सरांनी काढू का दिलं नाही?

रातपाळी (भूलशास्त्र, दुसरं वर्ष)
परवा रात्री सेप्टिक शॉकचा (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेला) पेशंट, वरचं बीपी ७०. मानेत उजवीकडून सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकत होतो. सोनोग्राफी मशीन दुसरीकडे अडकलेलं, म्हणून नुसत्या खुणांवर. सुईतून रक्त काळपट आलं, उसळी नाही. शीरच धरून चाललो: सुईतून वायर, तिच्यावरून भोक रुंदावणारा डायलेटर, मग कॅथेटर म्हणजे खुद्द नळी. सलाइन जोडलं तर रक्तच उलटं नळीत चढायला लागलं. माझे हातपाय गार. उपसून दाबून धरणार, तेवढ्यात फोनवर सर ओरडले, "हात लावू नकोस, राहू दे तसंच!" मग व्हॅस्क्युलर सर्जननी ओटीत काढलं. पेशंट ठीक आहे. पण नुसती सुई धमनीत गेली की आपण काढून दाबतोच ना?

जुना भूलवाला
सुईचं भोक बारीक, पाच-दहा मिनिटं दाबलं की बहुधा मिटतं. तू ७ फ्रेंचचं (दोन मिमीहून जाड) भोक पाडलंस, आणि कॅथेटरच त्याला बूच होऊन बसलं होतं. उपसलं असतंस तर मानेत रक्त साठून श्वासनलिका दबली असती. करकचून दाबलं असतंस तर मेंदूचा रक्तपुरवठा तुटला असता, शिवाय गुठळी सुटून लकवा. सबक्लेव्हियन (गळ्याच्या हाडामागची धमनी) असती तर हाडामागे दाबणार कुठे?

आणि रंगाचं म्हणशील तर शॉकमध्ये, ऑक्सिजन कमी असताना धमनीचं रक्तही काळंच दिसतं. मीही फसलोय, फक्त डायलेटरच्या आधी कळलं एवढंच. सुईला ५० सेंमीची नळी जोड, रक्ताने भरू दे, उभी धर. शिरेत असशील तर पातळी खाली उतरते. धमनीतला सरासरी दाब ५० (मिमी पारा) धरला तरी रक्त ६० सेंमीवर चढतं, म्हणजे नळी वरून वाहायला लागेल. एक मिनिटाचं काम.

आयसीयू सिस्टर
वायरचंही लिहा कुणीतरी! आमच्याकडे एकदा अख्खी आत राहिली, दुसऱ्या दिवशी एक्स-रेत दिसली. तेव्हापासून "वायर बाहेर" असं डॉक्टरांनी मोठ्याने म्हटल्याशिवाय मी टाके घालायला धागा देत नाही. रागावतात काही जण. रागवोत.

रातपाळी
सिस्टर, पटलं. सर, मशीन असेल तर नळीची गरज नाही ना?

जुना भूलवाला
सुई शिरेत शिरताना दिसली एवढ्यावर थांबू नकोस, ती मागची भिंत फोडून धमनीत जाऊ शकते. वायर शिरेतच आहे हे आडव्या-उभ्या दोन्ही छेदांत दिसल्यावरच डायलेटर. नीट दिसत नसेल तर नळी लावच.